द्वेषगुन्ह्यातील हेतू आणि शिक्षा

जात, धर्म, भाषा, जन्मस्थान किंवा लिंग पाहून बळी निवडला गेला, तर त्या गुन्ह्याला द्वेषगुन्हा म्हणतात. मारहाण, खून, तोडफोड हे आधीच गुन्हे आहेत. द्वेषापायी केल्याबद्दल वेगळी शिक्षा असावी का, हा खरा वाद.

फौजदारी कायदा उद्देश आणि हेतू वेगळे मानतो. दांडा घालताना समोरच्याला जखमी करायचे होते, हा उद्देश. का करायचे होते, हा हेतू. एरवी हेतू हा केवळ पुरावा असतो (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६). द्वेषगुन्ह्याचा कायदा त्याला गुन्ह्याचा घटक बनवतो. ही विचारांना शिक्षा झाली, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल खटल्यात तो एकमताने फेटाळला. त्या राज्यात बळी वंश पाहून निवडल्यास २ वर्षांची कमाल शिक्षा ७ वर्षांपर्यंत जात असे. शिक्षा मताला नाही, निवडीला आहे. हीच भूमिका योग्य आहे, कारण असा मार एकाला बसतो आणि धाक सगळ्या वस्तीला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा हेतू दोन ठिकाणी येतो. ५ किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून खून केल्यास कलम १०३(२), जबर दुखापत केल्यास ११७(४). धर्म हा शब्द यादीत नाही. तो ‘समुदाय’ आणि ‘श्रद्धा’ यांतून वाचावा लागतो. त्याहून मोठी उणीव शिक्षेत आहे. साध्या खुनालाही मृत्युदंड किंवा जन्मठेप, याही खुनाला तेच. जबर दुखापतीला दोन्हीकडे कमाल ७ वर्षे. जमावातील प्रत्येकाला जबाबदार धरण्याची सोय कलम १९० मध्ये आहेच. म्हणजे सरकार पक्षावर हेतू शाबित करण्याचे ओझे वाढले आणि कमाल शिक्षा होती तिथेच राहिली. साधी दुखापत किंवा चौघांनी केलेला हल्ला तर या कलमांत येतच नाही.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याने (१९८९) वेगळी वाट धरली. कलम ३(२)(५) मध्ये पूर्वी ‘बळी पडलेली व्यक्ती त्या जातीची किंवा जमातीची आहे या कारणावरून’ असे शब्द होते. २०१६ पासून ‘ती आहे हे माहीत असून’ एवढे पुरते. १० वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला मग जन्मठेप होते. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ मध्ये अनुसूचित जमातींत आले, त्यांना हे संरक्षण आहे. क्रूस, घुमटी किंवा देऊळ फोडण्याच्या न्याय संहितेतील कलम २९८ मध्येही अपमानाचा उद्देश नसला तरी तशी जाणीव पुरते. मनातले ‘का’ शोधण्यापेक्षा ‘माहीत होते का’ हे शाबित करणे कितीतरी सोपे.

हेतू ओळखायचा तो शिवीवरून नव्हे. समजा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जागेवरून दोघा विक्रेत्यांची जुंपली आणि हातघाईवर आल्यावर एक दुसऱ्याला ‘घाटी’ म्हणाला. शब्द वाईटच, पण भांडण जागेचे. आता दुसरे चित्र : रात्री सहा जण भाड्याच्या खोलीत शिरतात, एकेकाला गाव विचारतात, कोकणी बोलणाऱ्याला बाजूला काढतात आणि बाकीच्यांना झोडपतात. इथे निवड डोळ्यांसमोर झाली. सोडून दिलेला तो माणूस सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार, आणि नेमकी त्याचीच जबानी राहून जाते, कारण त्याला लागलेले नसते.

खटले कागदावरच पडतात. आरोपी काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, मग ते कोकणी असो वा कानडी, फिर्यादीत उतरले पाहिजे. ‘शिवीगाळ केली’ एवढेच लिहिले की हेतूचा पुरावा तिथेच संपला. तोच शब्द महिन्याभराने पुरवणी जबानीत आला, तर बचाव पक्ष तो मागाहून घुसडल्याचे म्हणतो. मोबाइलवरच्या संदेशांच्या प्रतीसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश मूल्यही, म्हणजे प्रत बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा. हल्ल्याआधीचे संदेश हल्ल्यानंतरच्या फुशारकीपेक्षा अधिक वजनाचे, म्हणून जप्तीनंतर आधी तेच पाहावेत.