ऑक्सिजन सेन्सर बदलला तरी कोड परत येतोय? आधी पेट्रोलवर चालवून बघा

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांमध्ये हा प्रकार इतका कॉमन झालाय की एकदा नीट लिहायलाच हवं. किट बसवून काही महिने होतात, मीटरमध्ये पिवळी चेक इंजिन लाईट लागते, गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, कोड येतो पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन आहे, हवा जास्त आणि इंधन कमी, आणि पुढच्या दहा मिनिटांत ठरतं की ऑक्सिजन सेन्सर गेला. नवीन सेन्सर, कोड उडवला, लाईट बंद, मालक खूश. आठवड्याभरात लाईट परत. मग दुसरा सेन्सर, मग थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, मग कोणीतरी म्हणतं ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदला, आणि तोपर्यंत किटमुळे जेवढे पैसे वाचले होते त्यातले निम्मे गेलेले असतात.

माझं म्हणणं साधं आहे. मॉडिफाय केलेल्या गाडीत सेन्सर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. कोडचा अर्थ "हा पार्ट खराब" असा नसतोच, कोड एवढंच सांगतो की ईसीयूला जे आकडे अपेक्षित होते ते मिळाले नाहीत. आणि ईसीयूच्या अपेक्षा कंपनीने मूळ गाडीवर ठरवल्यात, तुम्ही नंतर काय बसवलंत ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

ऑक्सिजन सेन्सर काय करतो ते आधी बघू. आत झिर्कोनियाचा एक छोटा सिरॅमिक तुकडा असतो, दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर, एका बाजूला सायलेन्सरकडे जाणारा धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकायला लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जेवढा फरक तेवढं व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास, ऑक्सिजन उरलाय म्हणजे लीन, तर ०.१ व्होल्ट. १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांमध्ये बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा आला आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे (काही नव्या गाड्यांत वाइडबँड प्रकार असतो, त्याचे आकडे वेगळे दिसतात). यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या सेन्सरला इंधन कळत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो, आणि अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो.

उदाहरणार्थ मिसफायर, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण न पेटणं. सीएनजीवर मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून जुना झालेला स्पार्क प्लग जो पेट्रोलवर कसाबसा चालून जातो तो गॅसवर मधूनच ठिणगी चुकवतो. त्या फेरीत सिलेंडरमधली हवा आणि गॅस न जळताच बाहेर पडतात. न जळलेला ऑक्सिजन सेन्सरसमोरून जातो, सेन्सर म्हणतो लीन, ईसीयू इंधन वाढवतं, आणि ते जास्तीचं इंधन न जळता धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याचं मधमाशीच्या पोळ्यासारखं सिरॅमिक वितळायला लागतं. सुरुवात झाली प्लगपासून, कोड आला पी०१७१, सोबत कधी मिसफायरचा पी०३००, आणि काही महिन्यांनी कॅटॅलिस्टचा पी०४२०. तीन कोड, मूळ एक. त्यामुळे किटच्या गाडीत प्लग वेळेआधी बदला, आणि गॅप पेट्रोलला १ मिमीच्या आसपास असेल तर सीएनजीसाठी ०.७-०.८ पर्यंत आणतात, ते फिटरला विचारून घ्या. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी केला जातो.

तसंच एक्झॉस्टचं. फ्री-फ्लो सायलेन्सर लावताना सेन्सरच्या आधीच्या जॉइंटचं गॅसकेट नीट बसलं नाही तर त्या फटीतून धूर बाहेर येतोच, पण धूर झटक्याझटक्याने वाहतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब खाली जातो, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसला, परत लीन. मिश्रण खरं तर बरोबर होतं!

आता किटकडे येऊ, कारण ते कसं चालतं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सध्याच्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचं स्वतःचं एक छोटं ईसीयू असतं. गाडीचं मूळ ईसीयू नेहमीसारखं पेट्रोल इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतं, किटचं ईसीयू ती वायर मध्येच तोडून तो आकडा पकडतं, पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवतं, त्या आकड्याला एका गुणकाने गुणतं आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतं. मूळ ईसीयूला संशय येऊ नये म्हणून इंजेक्टरच्या जागी एक खोटा लोड दाखवला जातो, त्याला इम्युलेटर म्हणतात. म्हणजे मूळ ईसीयूला वाटतंय आपण पेट्रोलच देतोय. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, मिथेनला १७.२ किलो, गॅसच्या टाकीतला २०० बारचा दाब रिड्यूसर उतरवून देतो, त्याचं तापमान आणि दाब हलत राहतात, हा सगळा हिशेब त्या गुणकात बसवायचा असतो. तो नीट बसवला म्हणजे ट्यूनिंग झालं. बऱ्याच ठिकाणी आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एकदा ऑटो कॅलिब्रेशनचं बटण दाबतात आणि गाडी हातात देतात, रस्त्यावर चालवून कोणी बघतच नाही.

गुणक चुकला की काय होतं? मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन कमीजास्त करत असतं, त्या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे आत्ताच्या आत्ता केलेली, लाँग टर्म म्हणजे शिकून लक्षात ठेवलेली. दोन्हींची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. ती सतत वर राहिली, बहुतेक गाड्यांत २० ते २५ टक्क्यांच्या पुढे गेली, की ईसीयू म्हणतं आता माझ्या हाताबाहेर आहे, आणि पी०१७१ टाकतं. उलट उणे बाजूला गेली की पी०१७२. आणि बहुतेक गाड्यांत शिकलेली ट्रिम पेट्रोल आणि गॅसला वेगवेगळी नसते, एकच वही दोघांना. गाडी रोज सकाळी पेट्रोलवर सुरू होते, पाणी गरम झाल्यावर गॅसवर जाते, म्हणजे गॅसवर शिकलेली अधिक १८ टक्के दुरुस्ती घेऊन ती सकाळी थंड पेट्रोलवर चालते, रिच होते, काळा धूर, वास, स्टार्टिंगला त्रास, आणि मालक म्हणतो पेट्रोलचे इंजेक्टर गेले.

पण या गाड्यांचं एक फार मोठं भाग्य आहे जे कोणी वापरत नाही. विज्ञानात एखादं कारण शोधायचं तर बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलून बघतात. सीएनजी गाडीत हा प्रयोग डॅशबोर्डवरच्या एका बटणात बसलेला आहे! तेच इंजिन, तोच सेन्सर, तेच एक्झॉस्ट, फक्त इंधन वेगळं. गाडीच्या स्कॅनर सॉकेटमध्ये लागणारा ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर हजार रुपयांच्या आत मिळतो, फोनवर ॲप टाकायचं, इंजिन पूर्ण गरम करायचं, आणि ट्रिमचे आकडे तीन ठिकाणी लिहायचे: आयडलला, जागेवर २५०० आरपीएमला, आणि चढावर गाडी ओढताना (फोन शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने बघू नये). पेट्रोलवर निदान वीस-तीस किलोमीटर चालवून मगच पेट्रोलचे आकडे घ्या, कारण जुनं शिकलेलं पुसायला वेळ लागतो. मग गॅसवर तेवढंच.

गॅसवरच ट्रिम वर जात असेल आणि पेट्रोलवर ठीक असेल तर ऑक्सिजन सेन्सर निर्दोष आहे. सेन्सर खराब असता तर दोन्हीकडे खोटं बोलला असता. दोन्ही इंधनांवर वर असेल तर किट सोडा, एक्झॉस्टची फट, हवेची गळती किंवा खरोखरच एखादा सेन्सर बघा. फक्त पेट्रोलवर बिघडत असेल तर महिनोन्महिने न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर चिकटलेत का, पंप कमजोर झालाय का ते बघा.

माझ्या मावसभावाच्या गाडीत दोन्ही इंधनांवर आयडल अगदी छान होतं, गॅसवर शहरातही छान, पण खंडाळ्याचा घाट चढताना गॅसवर ट्रिम सरळ वीसच्या वर. सेन्सर आधीच नवीन घातला होता. कारण निघालं गॅसचा फिल्टर. पंपावरच्या कॉम्प्रेसरमधून थोडं तेल गॅससोबत येतंच, ते फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरमध्ये चिकटतं, थोडा गॅस लागतो तेव्हा भागतं आणि लोडवर कमी पडतं. फक्त आयडलला बिघडतं की फक्त लोडवर, यावरूनच अर्धं निदान होतं. रिड्यूसरला गरम पाणी देणाऱ्या पाइपात हवा अडकली तरी असंच, गॅस थंड पडतो आणि चढावर दाब टिकत नाही. मात्र २०० बारच्या बाजूला स्वतः पाना लावू नका, ते काम अधिकृत फिटरचंच.

हवेच्या गळतीबद्दल एक बारकावा आहे. किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांना) भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात आणि तिथूनच पुढे हवा शिरायला लागते. ज्या गाडीत हवा मोजायला एअर फ्लो सेन्सर आहे तिथे ही चोरटी हवा मोजलीच जात नाही, मिश्रण लीन, आयडलला ट्रिम वर, आरपीएम वाढवला की खाली. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्याला ती हवा दाबातून कळते, ईसीयू तेवढं इंधनही देतं, आणि लीन कोड येण्याऐवजी आयडल वर चढतं, पी०५०७ येतो. एकच गळती, दोन गाड्यांत दोन वेगळे कोड. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा उपाय आपल्या गाडीला लावताना आधी आपल्याकडे कुठला सेन्सर आहे ते बघा.

एअर फ्लो सेन्सरवाल्या गाडीत मोठा इनटेक पाइप लावणाऱ्यांची गोष्टही हीच. तो सेन्सर खरं तर एका तापलेल्या तारेवरून जाणाऱ्या हवेचा वेग बघतो, आणि पाइप किती रुंद हे गृहीत धरून किती हवा गेली ते सांगतो. नदीच्या मध्ये एका जागी वेग मोजायचा आणि पात्र रुंद झालंय हे माहीतच नसेल तर पाण्याचा हिशेब कमीच येणार. सेन्सर नवीन घातला तरी तेच सांगणार. तेल लावायचा कॉटन फिल्टर असेल तर ते तेल तारेवर बसून आणखी भर.

वायरिंगबद्दल मला खरंच पोटतिडकीने सांगायचंय. किटवाला चार इंजेक्टरच्या वायरी कापतो, आरपीएमची टॅप करतो, काही किटमध्ये ऑक्सिजन सेन्सरची पण. वायर सोलून पिळ मारायचा आणि वर काळी टेप, पहिला पावसाळा गेला की आत हिरवा गंज. ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल एका व्होल्टच्याही आतला, त्यात ओल्या जॉइंटने थोडी गडबड केली की ईसीयूला भलताच आकडा दिसतो. पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टर सर्किटचे कोड, किटच्या गाडीत बहुधा इम्युलेटर किंवा हेच जॉइंट. सोल्डर आणि हीट श्रिंक स्लीव्ह मागा, थोडे पैसे जास्त द्या. अर्थिंग तपासायला मल्टिमीटर पुरतो: इंजिन चालू, हेडलाईट चालू, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पट्टी साफ करा किंवा बदला. एकदम चार-पाच वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आले तर चार-पाच सेन्सर एकदम मेलेले नसतात, त्यांची ५ व्होल्टची सप्लाय किंवा अर्थ एकच असतो, तिथे बघा.

कोड उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेम वाचा. कोड आला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान, ट्रिम, सगळं ईसीयूने साठवलेलं असतं, आणि कोड उडवला की ते पण जातं. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या चारचाकींना ओबीडी-२ आहे, त्यामुळे ही माहिती तुमच्या गाडीत बहुधा आहेच.

आणि पी०४२० आला म्हणून कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर लावून धुरापासून लांब नेऊ नका. मागचा सेन्सर मुख्यतः एवढंच बघतो की कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतोय का. स्पेसरने लाईट जाईल, पण विषारी धूर तुमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांच्या नाकात जाईल. कन्व्हर्टर कशाने मेला ते शोधा, नाहीतर नवीनही मरेल.

दुरुस्ती झाल्यावर क्रम महत्त्वाचा. कोड आणि ट्रिम पुसा, आधी पेट्रोलवर चालवून ईसीयूला शिकू द्या, मग फिटरला लॅपटॉप घेऊन शेजारी बसवा आणि रस्त्यावर गॅसचा मॅप (म्हणजे त्या गुणकाचा तक्ता, मॅप सेन्सर नव्हे) लावून घ्या. कसोटी एकच, त्याच वेगाला त्याच गिअरमध्ये पेट्रोलवर जो इंजेक्शन टाइम (इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ) दिसतो तोच गॅसवर गेल्यावरही टिकला पाहिजे. आणि पेट्रोलवरचे आकडे थोडे अधिक बाजूला दिसले तर लगेच घाबरू नका, पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला हवा १३.५ पटच लागते, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या मानाने इंधन साधारण ८-९ टक्के जास्त द्यावं लागतं आणि जुन्या गाडीचं ईसीयू ते ट्रिममधूनच भरून काढतं. गॅसच्या मॅपला तेवढी जागा कमी उरते, हे फिटरला आधीच सांगून ठेवा.