फळ्यांच्या दुकानापासून ट्रॉलीपर्यंत: दुकानचोरीची पार्श्वभूमी

कोकणातल्या जुन्या वाणसामानाच्या दुकानाला शटर नसायचं, फळ्या असायच्या. उंबऱ्याच्या खाचेतून एकेक सरकवायची. प्रत्येकीवर आकडा, कारण सातवी फळी आठवीच्या जागी बसत नाही. शेवटच्या फळीला कडी-कोयंडा. रात्री फोडणारा फोडायचाच, पण दिवसाढवळ्या चोरी कठीण होती. गिऱ्हाईक ओट्यापाशी, माल आत. गूळ काय, काडेपेटी काय, सगळं दुकानदाराच्या हातूनच बाहेर यायचं. वर गिऱ्हाईक वाडीतलंच, नाव उधारीच्या वहीत.

हा ओटा पहिल्यांदा गेला तो अमेरिकेत. १९१६ साली मेम्फिसमध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलायचं दुकान काढलं. दुकानचोरी त्याआधीही होतीच. इंग्लंडात १६९९ च्या कायद्याने पाच शिलिंगांच्या मालापायी फाशी होऊ शकत होती. पण आता माल हाताशी आला आणि दुकानदाराची नजर लांब गेली. १९७४ मध्ये बारकोड आला. तो काय विकलं ते सांगतो, काय नाहीसं झालं ते नाही. ते कळतं माल मोजल्यावर, आणि त्या फरकाला म्हणायचं तूट.

तूट म्हणजे सगळी चोरी नव्हे. उंदीर, फुटतूट, बिलातली चूक, कधी आपलाच नोकर. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने जवळपास निम्मी तूट टोळ्यांच्या माथी मारली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तो दावा तिला मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, मग महामार्ग रुंद होऊ लागला, आणि चिपळूण-कुडाळसारख्या गावांतही ट्रॉली ढकलायची दुकानं आली. टोळीची रीत साधी: एकजण नोकराला भाव विचारत गुंतवतो, दुसरा कॅमेऱ्यासमोर उभा, तिसऱ्याची पिशवी भरते, चौथा गाडी चालू ठेवून बाहेर. उचलायचं ते लहान, महाग आणि पटकन खपणारं: तूप, ब्लेड, बाळाच्या दुधाचे डबे. गणपतीच्या गर्दीत तर कोण कोणाकडे बघतो! म्हणून काही दुकानदार मांडणीवर रिकामे खोके ठेवतात, माल गल्ल्यामागे. म्हणजे ओटाच परत आला की!

चोरी झाली की बोट मात्र आधी पालं ठोकून राहिलेल्यांकडे जातं. जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण तो संशय काही गेला नाही.

जुन्या दंडसंहितेत ‘शॉपलिफ्टिंग’ हा शब्दच नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये तो आहे, टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांत. शिक्षा एक ते सात वर्षं. एरवी पाच हजारांखालची साधी चोरी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला तर समाजसेवेवर सुटका. त्यामुळे सगळा जोर येतो तो टोळी होती हे दाखवण्यावर. त्याला कॅमेऱ्याचं चित्रण लागतं. माल मोजतात महिनाअखेरीस, आणि लहान दुकानातल्या रेकॉर्डरची डिस्क बरेचदा पंधरा-वीस दिवसांतच जुन्यावर नवं लिहून मोकळी होते.