बीओपी आणि सक्सेस बॅलास्ट: किलो तेच, हिशेब वेगळा

सिम रेसिंग (कॉम्प्युटरवरच्या कार शर्यती) लीगच्या डिस्कॉर्ड चॅटवर हंगामाच्या तिसऱ्या-चौथ्या शर्यतीनंतर एक मेसेज हमखास पडतो: "पोर्शवर २० किलो टाका, नाहीतर पुढचा नंबर आत्ताच जाहीर करून टाका." कुणीतरी पोर्शमधून सलग दोन शर्यती मारलेल्या असतात. अ‍ॅडमिन बिचारा दबतो, २० किलो टाकतो आणि पुढच्या शर्यतीनंतर ओरड दुप्पट होते. कारण लीगमध्ये पोर्श चालवणारे आणखी चारजण असतात, पंधराव्या-सोळाव्या नंबरावर रखडणारे. त्यांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, म्हणजे बीओपी: वेगवेगळ्या गाड्या बरोबरीला आणणं. दुसरी सक्सेस बॅलास्ट: जिंकणाऱ्यावर चढवलेलं जादा वजन. दोन्हींत गाडीचं वजन वाढतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण बीओपी लागतो गाडीच्या मॉडेलला, मग आत कुणीही बसलेला असो. सक्सेस बॅलास्ट लागतो ड्रायव्हरला, त्याने आधी काय कमावलं ते बघून.

हा फरक असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या सिम गेमच्या सर्व्हरमध्ये अगदी उघडा दिसतो. तिथे बीओपीची फाइल वेगळी आणि एन्ट्रीलिस्टची, म्हणजे सहभागी ड्रायव्हरांच्या यादीची, वेगळी. बीओपीच्या फाइलमध्ये ट्रॅक, गाडीचं मॉडेल, किलो आणि रिस्ट्रिक्टर (इंजिनाची हवा आवळून ताकद कापणारा) अशी नोंद असते. माणसाचं नाव कुठेच नाही. एन्ट्रीलिस्टमध्ये तेच किलो, तोच रिस्ट्रिक्टर, पण ड्रायव्हरच्या आयडीखाली. उलट जुन्या असेटो कोर्सामध्ये गाडीचं मॉडेल, ड्रायव्हर आणि बॅलास्ट हे सगळं एन्ट्रीच्या एकाच कप्प्यात लिहावं लागतं. तो आकडा गाडीसाठी टाकला की माणसासाठी, हे महिन्याभराने खुद्द अ‍ॅडमिनलाही सांगता येत नाही. माझ्या मते निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

बीओपीची खरी गरज जीटी३ मध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्यांच्या श्रेणीत, पडते. २००६ मध्ये स्टेफान रातेल यांच्या एसआरओ संस्थेने युरोपात ही श्रेणी आणली, तेव्हापासून बीओपी हा तिचा कणाच आहे. बीएमडब्ल्यू एम४ चं इंजिन पुढे, फेरारी २९६ चं मध्ये, पोर्श ९११ चं पार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. या गाड्या एका रांगेत उभ्या करायच्या तर कुणाचं वजन वाढव, कुणाच्या इंजिनाची हवा कमी कर, कुणाच्या टर्बोचा बूस्ट उतरव, असं करावंच लागतं.

यात वजन आणि रिस्ट्रिक्टर यांना एकाच मापाने मोजू नये. गाडी १३०० किलोची धरली तर २० किलो म्हणजे दीड टक्का. तेवढ्याने वेग पकडायला उशीर, ब्रेक आधी दाबावा लागतो, वळणात टायर लवकर हार मानतात, पण सरळ रस्त्यावरचा टॉप स्पीड जवळपास आहे तिथेच राहतो. तीच दीड टक्का ताकद रिस्ट्रिक्टरने कापली तर ब्रेकिंग आणि वळण शाबूत, मात्र ताशी २६० चा टॉप स्पीड साधारण सव्वा किलोमीटरने उतरतो. त्यामुळे मोंझासारख्या सरळसोट ट्रॅकवर उधळणाऱ्या गाडीला वजन लावून फारसं साधत नाही, आणि हंगारोरिंगच्या वळणांत सुसाट असलेल्या गाडीचा रिस्ट्रिक्टर आवळूनही उपयोग नाही.

बीओपी ठरवताना आणखी एक खड्डा असतो: सरासरी. चालवायला सोपी म्हणून नवखे ज्या गाडीकडे वळतात, तिची सरासरी लॅप साहजिकच हळू येते. सरासरीवर गेलात तर मुळात वेगवान गाडीलाच सूट द्याल. त्यापेक्षा लीगमधले तीन-चार चांगले ड्रायव्हर घ्या, प्रत्येकाला सगळ्या गाड्या चालवायला लावा, एका लॅपबरोबर अर्ध्या तासाची सलग धावही बघा. आणि सरावात मुद्दाम मंद चालवणारे महाभाग असतात, हे गृहीत धरा. बीओपी हा शेवटी कुणाचा तरी अंदाज असतो, म्हणून तो स्वतः शर्यतीत न उतरणाऱ्या माणसाने ठरवलेला बरा. व्यावसायिक रेसिंगमध्येही तो वादातून सुटलेला नाही. २०२३ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीच्या तोंडावर टोयोटावर ३७ किलो आणि फेरारीवर २४ किलो चढवले गेले. फेरारी जिंकली, टोयोटा दुसरी आली, आणि चर्चा अजून संपलेली नाही.

सक्सेस बॅलास्टची जातकुळी निराळी. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यती बघितलेल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही: घोडा जिंकत गेला की त्याच्या पाठीवरचं वजन वाढत जातं. जपानच्या सुपर जीटीमध्ये जीटी५०० वर्गात गेली काही वर्षं एका गुणाला दोन किलो असा दर आहे. वजन ५० किलोंच्या पुढे गेलं की वरचा भाग इंधनाचा प्रवाह आवळून वसूल करतात. ब्रिटनच्या बीटीसीसी या टूरिंग कार मालिकेने तर २०२२ मध्ये किलोच काढून टाकले आणि २०२४ पर्यंत त्याऐवजी पुढे असलेल्याला हायब्रिड ताकद कमी सेकंद वापरू दिली.

इथे अंदाजाचा प्रश्नच येत नाही. दर हंगामाआधी जाहीर होतो, पुढे नुसती बेरीज. गाडी वेगवान की हळू, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सगळ्यात मंद गाडीतून जिंकलात तरी वजन चढणारच. त्यातली पळवाट मात्र वेगळी. ज्याला पुढचा ट्रॅक मारायचा आहे तो आज मुद्दाम सहावा येतो. सुपर जीटीने त्यावर काढलेला तोडगा उचलण्यासारखा आहे: शेवटच्या आधीच्या फेरीत वजन निम्मं, शेवटच्या फेरीत शून्य. मग गुण सोडून देणं परवडत नाही.

दोन्ही एकत्र चालत नाहीत असं नाही. सुपर जीटीच्याच जीटी३०० वर्गात गाड्यांना बीओपीही आहे आणि सक्सेस वेटही (सक्सेस बॅलास्टचंच तिथलं नाव). पण लीगमध्ये दोन्ही आणायचे तर क्रम पाळा. आधी बीओपी बसवा आणि हंगामाआधी कुलूप लावा. मध्येच उघडावा लागला तर कारणासाठी सरावाचे आकडे दाखवा, गुणतक्ता नको, कारण गुणतक्त्यात गाडी आणि माणूस दोघेही मिसळलेले असतात. बॅलास्ट त्यानंतर, ड्रायव्हरच्या नावावर, वेगळ्या शीटमध्ये.

आणि लीग एकाच गाडीची असेल, सगळेच पोर्श कपमध्ये, तर बीओपीचा विषयच निघत नाही. तिथे कुणी "बीओपी बदला" म्हणाला, तर त्याला सक्सेस बॅलास्ट हवा आहे, आणि तो बहुधा दुसऱ्यावर हवा आहे.