विरघळणारा स्क्रू म्हणजे रक्तात विष?

"हाडात बसवलेला धातू विरघळला की रक्तात विष पसरतं," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. स्वतःच्या घोट्याच्या ऑपरेशनआधी पंचवटीतल्या आमच्या मावशींनी तोच मला दाखवला. भीती साहजिक होती.

आधी धातू कोणता ते बघायचं. बहुतेक स्क्रू-पट्ट्या टायटॅनियमच्या किंवा स्टीलच्या असतात. त्या विरघळत नाहीत. मॅग्नेशियमचे मिश्रधातू मात्र मुद्दाम विरघळण्यासाठीच बनवतात, म्हणजे ते काढायला दुसरं ऑपरेशन नको.

मग ते विष का नाही? मोठ्या माणसाच्या शरीरात मुळातच सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत. बाजरी, शेंगदाण्यांतून आपण ते रोज खातो. रोजची गरजच ३०० ते ४०० मिलिग्रॅम. छोटा स्क्रू ग्रॅमभराचाही नसतो आणि विरघळायला कित्येक महिने घेतो. जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगाच.

भीतीला थोडा आधार आहे, तोही सांगायला हवा. १९०७ मध्ये मॅग्नेशियमची पट्टी स्टीलच्या खिळ्यांनी बसवली, ती आठच दिवसांत विरघळली आणि कातडीखाली हायड्रोजन वायू साठला. दोन वेगळे धातू खाऱ्या द्रवात एकमेकांना टेकले की एक झपाट्याने झिजतो. आताचे मिश्रधातू सावकाश विरघळतील असे बनवतात. थोडा वायू तरीही होतो, तो एक्स-रेत काळसर दिसतो.

पडताळायचं असेल तर डिस्चार्ज कार्डासोबतचं इम्प्लांटचं स्टिकर बघा, धातूचं नाव नसेल तर डॉक्टरांना विचारा. मावशींच्या स्टिकरवर टायटॅनियम लिहिलं होतं.