संगणकवाल्यांचे नकार

जून १९८५मध्ये सॉफ्टवेअरतज्ज्ञ डेव्हिड पार्नास यांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका समितीचा राजीनामा दिला. काम दिवसाला १,००० डॉलरचं होतं. रोनाल्ड रेगन यांनी मार्च १९८३मध्ये घोषणा केलेल्या आणि ‘स्टार वॉर्स’ या टोपणनावाने गाजलेल्या क्षेपणास्त्रविरोधी कवचाचं सॉफ्टवेअर कसं असावं, हे समितीने सांगायचं होतं. पार्नास शांततावादी नव्हते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेला ते बरीच वर्षं सल्ला देत आले होते, त्यामुळे त्यांना युद्धविरोधी म्हणून उडवून लावणं अवघड होतं.

राजीनाम्यासोबत त्यांनी आठ छोटी टिपणं जोडली. मुद्दा राजकारणाचा नव्हता, धंद्यातल्या अनुभवाचा होता. एवढा अवाढव्य प्रोग्राम पहिल्या खेपेला धड चालत नाही. तो वापरात येतो, कोसळतो, दुरुस्त होतो आणि मग कुठे भरवशाचा ठरतो. या कवचाची खरी चाचणी म्हणजे थेट अणुयुद्ध! त्यात चूक सापडली, तरी सुधारायला उसंत कुठली? कवच जमणार नाही हे सहकाऱ्यांपैकी काहींना कळत होतं. पण निदान संशोधनाला पैसा तरी मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. पार्नासना खरा राग या हिशेबाचा असावा. वरिष्ठ खूश झाले की जबाबदारी संपली असं नसतं, हे त्यांनी पुढे लिहूनच ठेवलं.

असा नकार पहिलाच नव्हता. सायबरनेटिक्सचे, म्हणजे यंत्रं आणि सजीवांमधल्या नियंत्रणाच्या व संदेशवहनाच्या शास्त्राचे, जनक नॉर्बर्ट वीनर यांच्याकडे विमानकंपनीतल्या एका संशोधकाने त्यांच्या युद्धकाळातल्या अहवालाची प्रत मागितली होती. तो क्षेपणास्त्रांच्या कामी येणार, म्हणून वीनर यांनी ती दिली नाही. त्यांचं उत्तर जानेवारी १९४७मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात छापून आलं. १९८१मध्ये कॅलिफोर्नियात अणुयुद्धाच्या धास्तीतून ‘कम्प्युटर प्रोफेशनल्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ हा गट जमू लागला. त्याने वीनर यांच्या नावाचा पहिला पुरस्कार १९८७मध्ये पार्नासनाच दिला.

लेखी नियमही होत गेले. एसीएम या संगणकवाल्यांच्या अमेरिकी संघटनेने १९६६मध्ये मार्गदर्शक सूत्रं केली, १९७२मध्ये आचारसंहिता आणली, ती १९९२ आणि २०१८मध्ये नव्याने लिहिली. पण डॉक्टरची नोंदणी रद्द होते, वकिलाची सनद जाते. प्रोग्रामरकडून काढून घेण्यासारखं काही नसतंच. फार तर सभासदत्व जाईल, आणि ते नसलेल्यांचंही उत्तम चाललेलं असतं.

२०१८मध्ये गूगलच्या ३,०००हून जास्त कर्मचाऱ्यांनी सह्या करून ‘प्रोजेक्ट मेव्हन’ला विरोध केला. ड्रोनने टिपलेली दृश्यं तपासण्याचं ते लष्करी काम होतं. काहींनी नोकरी सोडली. कंपनीने कराराची मुदत वाढवली नाही आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही असं जाहीर केलं. ते आश्वासन तिने फेब्रुवारी २०२५मध्ये आपल्या तत्त्वांतून काढून टाकलं.