अंजिरांचा हंगाम नव्हता: बायबलमधील फळझाडे वनस्पतिशास्त्राच्या नजरेतून

वाचणारा हमखास अडखळतो असा एक प्रसंग मार्ककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. बेथानीहून निघालेल्या येशूला भूक लागते, दुरून पानांनी भरलेले अंजिराचे झाड दिसते, जवळ जाऊन पाहावे तर पानांखेरीज त्यावर काहीच नसते. तो झाडाला शाप देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुळापासून वाळलेले आढळते. मार्क स्वतःच सांगून टाकतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. फळ येण्याची वेळच झालेली नसताना झाडाचा अपराध कोणता, हा प्रश्न शतकानुशतके वाचकांना पडत आला आहे, आणि त्याच्या उत्तराचा निदान अर्धा भाग तरी अंजिराच्या फांदीवर सापडतो.

अंजिराच्या अनेक वाणांना वर्षातून दोन बहार येतात. मुख्य बहार चालू वर्षाच्या कोवळ्या फांदीवर धरतो आणि भूमध्य सागराच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पिकतो. त्याआधीचा छोटा बहार मात्र मागील वर्षाच्या फांदीवर येतो. त्याची हिरवी, टणक फळे वसंताच्या आरंभी, पाने फुटण्याच्या सुमारास किंवा त्याही आधी दिसू लागतात आणि साधारण जूनमध्ये पिकतात. या कच्च्या अंजिरांना हिब्रू भाषेत स्वतंत्र शब्द आहे. बायबलमधील गीतरत्न या काव्यग्रंथात वसंताचे वर्णन करताना तो येतो, आणि यरुशलेमजवळच्या बेथफगे या गावाच्या नावाचा अर्थही ‘कच्च्या अंजिरांचे घर’ असाच सहसा लावला जातो. शापाचा प्रसंग वल्हांडण सणाच्या दिवसांतला, म्हणजे मार्च-एप्रिलमधला आहे. त्या दिवसांत पिकलेले अंजीर कोणी मागणार नाही, पण पानांनी भरलेल्या झाडावर निदान कच्ची फळे दिसावीत, अशी अपेक्षा त्या भागातल्या कोणाही शेतकऱ्याची असणार. भरगच्च पाने असूनही एकही कच्चे फळ नाही, याचा अर्थ त्या झाडाचा पहिला बहार हुकला. झाडाने पानांतून दिलेली ग्वाही खोटी ठरली.

हे स्पष्टीकरण मला पटते, पण त्याने सारे काही उलगडले असे मी म्हणणार नाही. मार्कने ही गोष्ट मधोमध दुभागून तिच्या दोन तुकड्यांमध्ये मंदिरातील व्यापाऱ्यांना हुसकावून लावण्याचा प्रसंग ठेवला आहे, आणि होशेय व यिर्मया या संदेष्ट्यांनी इस्राएल लोकांना अंजिराची उपमा पूर्वीच दिलेली होती. वरून हिरवेगार आणि आतून निष्फळ असे ते झाड मंदिराचे प्रतीक आहे, हे वाचकाला कळावे अशीच ती रचना आहे. वनस्पतिशास्त्र इतकेच सांगते की प्रतीकासाठी हेच झाड का निवडले गेले. ऑलिव्हसारखी त्या प्रदेशातली कित्येक झाडे सदाहरित असतात. अंजीर मात्र हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होते आणि त्याची नवी पालवी ऋतू पालटल्याची खूण ठरते. मार्कच्याच तेराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की अंजिराची डहाळी कोवळी होऊन पाने फुटू लागली की उन्हाळा जवळ आला हे तुम्हांला कळते. सदाहरित झाडाकडून ही उपमा साधली नसती.

लूकच्या शुभवर्तमानातला अंजिराचा दाखला याहून सौम्य आहे. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, काही मिळत नाही, तेव्हा झाड तोडून टाक म्हणतो. माळी मात्र आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणून खत घालतो म्हणतो. बायबलमधील लेवीय या नियमग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील नियमाप्रमाणे नव्या फळझाडाची फळे पहिली तीन वर्षे खायची नसत, चौथ्या वर्षीची देवाला अर्पण करायची आणि पाचव्या वर्षापासून स्वतः खायची. दाखल्यातली तीन वर्षे त्या निषिद्ध तीन वर्षांनंतरची धरली, तर झाड फळण्याच्या वयात केव्हाच आलेले होते आणि मालकाची तक्रार बागायतदाराच्या हिशेबाने रास्तच होती. माळ्याची विनवणी त्यामुळेच अधिक ठळक होते.

अंजिराचे माणसाशी असलेले नाते बायबलच्या कितीतरी आधीचे आहे. यरीहोजवळच्या गिलगाल येथील उत्खननात सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची, जळून कोळसा झालेली नऊ अंजिरे सापडली. परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या वाणाची ती असल्याचे संशोधकांनी २००६ मध्ये जाहीर केले. असा वाण बियांवाटे टिकत नाही, माणसाने फांद्या लावूनच तो वाढवला असणार, असा त्यांचा युक्तिवाद होता. रानटी मादी झाडांवरही अशी फळे येऊ शकतात, असा आक्षेप काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी घेतला आणि वाद अजून मिटलेला नाही. तरीही धान्याची लागवड स्थिरावण्याच्या आधी फळझाड लावले गेले असू शकते, ही शक्यताच विलक्षण आहे.

याच कुळातले दुसरे झाड बायबलमध्ये दोनदा महत्त्वाच्या जागी येते, आणि मराठी बायबलमध्ये त्याला उंबर म्हटले आहे. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तो उंबर आपल्याकडच्या उंबरापेक्षा वेगळ्या जातीचा, पण खोडाला लगडणारी फळे पाहिली तर भाषांतरकारांची निवड अगदी योग्य वाटते. यरीहोत गर्दीमुळे येशू दिसेना म्हणून ठेंगणा जक्कय याच झाडावर चढला. त्याच्या फांद्या जमिनीपासून फार उंचावर नसतात आणि आडव्या पसरतात, तेव्हा ठेंगण्या माणसाला चढायला याहून सोयीचे झाड मिळाले नसते. दुसरा उल्लेख संदेष्टा आमोस याचा. मी संदेष्टा नाही, गुराखी आणि उंबरांची निगा राखणारा आहे, असे तो सांगतो. ही निगा म्हणजे नेमके काय? प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे फळांना टोचणारा किंवा चिरणारा अशा अर्थाचा शब्द आहे, आणि त्यामागे एक खरी शेतकी क्रिया आहे.

अंजीर किंवा उंबर हे मुळात आत वळलेल्या फुलांनी भरलेले बंद पात्र असते, आणि त्यात परागकण नेण्याचे काम चिलटाएवढी एक माशी करते. आफ्रिकेतून आलेल्या या उंबराची माशी इजिप्त आणि पॅलेस्टाईनमध्ये आढळत नाही. त्यामुळे तिथे झाडाला बी धरत नाही, लागवड फांद्यांनीच करावी लागते आणि फळे लहान व कडक राहतात. अशा कच्च्या फळाला योग्य वेळी चाकूने चीर दिली की जखमेतून इथिलीन वायू मोठ्या प्रमाणात सुटतो आणि फळ तीन-चार दिवसांत फुगून गोड होते. पिकण्याची क्रिया चालवणारे हे संप्रेरक विज्ञानाला विसाव्या शतकात कळले, पण त्याचा उपयोग आमोसच्या हाताला इसवी सनापूर्वी आठव्या शतकात ठाऊक होता. सुखवस्तू शहरांना कठोर शब्द सुनावणाऱ्या या संदेष्ट्याचा व्यवसाय फळाला जखम करून ते पिकवण्याचा असावा, यात प्रतीक शोधण्याचा मोह मला आवरत नाही, जरी ग्रंथात तसे कुठेही म्हटलेले नाही.

ऑलिव्हच्या बाबतीत कोडे उलट्या दिशेने पडते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रेषित पौल यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना म्हणतो की तुम्ही रानटी ऑलिव्हच्या फांद्या आहात आणि लागवडीच्या ऑलिव्हवर तुमचे कलम झाले आहे. बागायतदार नेमके याच्या उलट करतो. ऑलिव्हच्या बीपासून उगवलेले झाड मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे घेत नाही, त्याची फळे बहुधा लहान आणि कमी तेलाची निघतात. म्हणून काटक रानटी खुंटावर चांगल्या वाणाची काडी बांधायची, हीच रीत आहे. पौल शहरी माणूस होता, त्याला शेती कळत नव्हती, असे काही भाष्यकारांनी सुचवले. परंतु पौल स्वतः हे कलम निसर्गाविरुद्ध असल्याचे स्पष्ट लिहितो. शिवाय त्याच शतकातला रोमन कृषिलेखक कोलुमेला फळ न देणाऱ्या ऑलिव्हच्या खोडाला भोक पाडून त्यात रानटी ऑलिव्हची हिरवी काडी घट्ट बसवण्याचा उपाय सांगतो. आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. कलम केलेली काडी आपल्या मूळ जातीचेच फळ देते, खुंटामुळे तिची जात बदलत नाही. पौलही फळ बदलेल असे म्हणत नाही. मुळातल्या पौष्टिक रसात वाटा मिळाला, एवढेच म्हणतो.

ऑलिव्हचे खोड पोकळ झाले, तोडले किंवा जळले तरी बुंध्याशी नवे धुमारे फुटतात. मुलांना मेजाभोवतीच्या ऑलिव्हच्या रोपांची उपमा देणारे १२८ वे स्तोत्र हेच दृश्य डोळ्यांपुढे ठेवते. ज्या गेथशेमाने बागेच्या नावाचाच अर्थ तेलाचा घाणा असा आहे, तिथल्या आठ जुन्या झाडांची तपासणी इटलीतील शास्त्रज्ञांनी केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. तीन झाडांच्या खोडांचे वय काढता आले, ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. येशूच्या काळातली नव्हेत. मात्र आठही झाडांची जनुकीय ओळख एकच होती, म्हणजे एकाच मातृवृक्षाच्या फांद्या कोणीतरी जाणीवपूर्वक लावल्या होत्या.

खजुरीच्या चिवटपणाचा पुरावा तर थेट बियांतून मिळाला. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेले सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे खजुराचे बी २००५ मध्ये पेरले असता रुजले. बायबलमधील सर्वांत दीर्घायुषी पुरुषावरून त्या झाडाला मथुशलह हे नाव दिले. ते नर निघाले, आणि खजुरीत नर व मादी झाडे वेगळी असल्याने फळासाठी थांबणे भाग होते. पुढे त्याच प्रदेशातील प्राचीन बियांतून मादी झाडेही उगवली, आणि त्यांपैकी हन्ना नावाच्या झाडाने मथुशलहच्या परागावर २०२० मध्ये १११ खजूर दिले. नीतिमान मनुष्य खजुरीसारखा वाढेल आणि असे लोक म्हातारपणीही फळ देत राहतील, असे ९२ व्या स्तोत्रात आहे.

या सगळ्यांत सर्वांत प्रसिद्ध फळ मात्र मूळ ग्रंथात नाही. एदेन बागेतल्या ज्ञानवृक्षाची जात उत्पत्तीच्या पुस्तकात दिलेली नाही, तिथे केवळ फळ असा शब्द आहे. त्या कथेत नाव घेतलेले एकच झाड अंजिराचे, कारण आदाम आणि हव्वा त्याची रुंद पाने शिवून अंग झाकतात. प्राचीन यहुदी विद्वानांनी ज्ञानवृक्ष म्हणून द्राक्ष, अंजीर आणि चक्क गहूही सुचवला. सफरचंद आले ते पश्चिम युरोपात. लॅटिनमधला ‘मालुम’ हा शब्द वाईट आणि सफरचंद या दोन्ही अर्थांनी वापरता येतो, ही श्लेषाची सोय त्यामागे असल्याचे पूर्वापार सांगितले जाते. अंजीर आणि ऑलिव्ह ज्यांच्या अंगणात नव्हते त्या थंड प्रदेशांतल्या लोकांना सफरचंद जवळचे होते, हेही कारण मला तितकेच वजनदार वाटते. जर्मनीच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०४ च्या कोरीव चित्रात सफरचंद दाखवले. इटलीच्या मायकेलअँजेलोने काही वर्षांनी सिस्टाईन चॅपेलच्या छतावर अंजिराचे झाड रंगवले.

बायबलचे शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण, पुन्हा एका झाडाशी येऊन थांबते. नदीच्या दोन्ही काठांवर जीवनाचे झाड आहे, ते बारा प्रकारची फळे देते, दर महिन्याला त्याला फळ येते आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. पहिले वाचक जूनमध्ये पहिली अंजिरे, उन्हाळ्याच्या अखेरीस द्राक्षे, त्यानंतर डाळिंबे आणि खजूर, आणि शरद ऋतूत ऑलिव्ह अशा क्रमाने वर्ष मोजणारे होते. हिवाळ्यात झाडावरून तोडून खाण्याजोगे त्यांच्याकडे फारसे काही उरत नसे. हंगाम नव्हता, असे ज्याच्याविषयी कधीच म्हणावे लागणार नाही, असे ते झाड होते.