युयाईयाकोची तीन मुलं: काचेआड ठेवण्याच्या निर्णयामागचा इतिहास

इंका साम्राज्यातल्या 'कापाकोचा' या मुलांचा बळी देण्याच्या विधीसाठी निवडलेली मुलं आधी राजधानी कुस्कोला नेत आणि तिथून पर्वतशिखरांकडे पाठवत, हे स्पॅनिश बखरकारांनी नोंदवलेलंच आहे. गोठलेले देह हाती लागू लागले ते मात्र विसाव्या शतकात: 1954 मध्ये चिलीतल्या एल प्लोमोवर एक मुलगा, 1995 मध्ये पेरूतल्या आम्पातोवर एक मुलगी. मार्च 1999 मध्ये अर्जेंटिना-चिली सीमेवरच्या युयाईयाको ज्वालामुखीच्या माथ्यावर, 6,739 मीटर उंचीवर, तीन मुलं सापडली: साधारण तेरा वर्षांची मुलगी आणि तिच्याहून बरीच लहान एक मुलगी व एक मुलगा.

या देहांवर कसलाही लेप नाही, अवयवही काढलेले नाहीत. थंडी आणि कोरडी हवा यांनीच ते टिकवले. त्यामुळे केस शाबूत राहिले, आणि केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने मुळापासून टोकाकडे मागचे महिने वाचता येतात. मोठ्या मुलीच्या आहारात मृत्यूआधी साधारण वर्षभर मका आणि मांस वाढलेलं दिसतं. पुढे कोका या उत्तेजक पानांचं प्रमाण चढतं, शेवटच्या आठवड्यांत मद्याचंही. दातांत कोकाच्या पानांचा चोथा तसाच होता. यावरून 'मुलं शांतपणे झोपी गेली' असं सर्रास लिहिलं जातं. पण मुलगा दोरीने आवळून बांधलेला होता. त्या वाक्यात तो बसत नाही.

खरी गुंतागुंत पुढची आहे. देह नेले ते अर्जेंटिनातलं साल्टा शहर जेमतेम 1,150 मीटरवर, म्हणजे माथ्यावरची थंडी तिथे नाही, त्यामुळे ते आधी एका विद्यापीठाच्या फ्रीझरमध्ये राहिले. त्यांना ठेवण्याचं तिथलं संग्रहालय 2004 मध्ये उघडलं आणि मोठी मुलगी 2007 मध्ये लोकांसमोर आली. उणे 20 अंश तापमान, कमी ऑक्सिजनची हवा आणि एका वेळी एकच देह, अशी व्यवस्था आहे. तापमान चढलं तर जंतू पुन्हा वाढू लागतात; हवा फार कोरडी झाली तर गोठलेल्या त्वचेतलंही पाणी उडून ती आक्रसते. तांत्रिकदृष्ट्या काम चोख आहे.

परवानगीचं तसं म्हणता येत नाही. मूळनिवासींचे अवशेष मागणी केल्यास त्यांच्या समुदायांना द्यावेत, असा कायदा अर्जेंटिनाने 2001 मध्ये केला, म्हणजे उत्खननानंतर दोन वर्षांनी. खणताना तो नव्हता, हे समजू शकतं. पण प्रदर्शन त्यानंतर सहा वर्षांनी सुरू झालं, तेही स्थानिक समुदायांतले लोक उघड विरोध करत असताना.